शिक्षा संपते कधी

देवपूरच्या एका विधी महाविद्यालयात मी वीस वर्षं शिक्षेचे सिद्धांत शिकवतोय. नोट्स त्याच, विनोदही तेच. बदला, जरब, सुधारणा असं फळ्यावर लिहून बोलायला लागलो की हल्ली माझं मलाच ऐकवत नाही.

यंदा तास संपायला दहा मिनिटं उरली होती, म्हणून उगाच विचारलं, "शिक्षा संपते कधी?" मुलांनी कलमं सांगितली. मग शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली एक मुलगी उभी राहिली.

"सर, आमच्याकडे पंच बसतात. ज्याची चूक, त्याने गावाला जेवण द्यायचं आणि ज्याचं वाईट केलं त्याच्यासोबत एका ताटात जेवायचं. त्यानंतर तो विषय जो काढेल, दंड त्यालाच."

वर्ग हसला. मी म्हणालो, "छान आहे, पण पेपरात लिहू नकोस."

चाचणीत तिने नेमकं तेच लिहिलं. नमुना उत्तरात ताट कुठेच नव्हतं. मी दहापैकी दोन गुण दिले आणि गठ्ठा बांधून टाकला.

जामनेरला माझा धाकटा भाऊ राहतो. त्याने आमच्या शेतांमधला बांध कोरला, मी कोर्टात गेलो आणि जिंकलो. त्याने मुकाट्याने बांध होता तिथे परत घातला. त्याला बारा वर्षं झाली. दर दिवाळीला तो मला जेवायला बोलावतो. पेपर तपासायचे आहेत, असं मी दर वेळी सांगतो.