थोरलीचं मनगट

थोरलीचं मनगट तिच्या स्वतःच्या कॉफीच्या सवयीमुळं मोडलं, असं कारखान्याच्या कागदावर लिहून आलं होतं. तिनं खाली सही करायची होती. सही केली की अपघाताची रजा नाही, आणि मोडक्या हाताच्या बाईला रोलरवर जागा नाही. म्हणजे सव्वीस वर्षांनी घरी बस, आणि का बसलीस म्हणून कुणी विचारलं तर कॉफी प्यायले म्हणून, असं सांग.

थोरली ही धुलाई कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं ढिगानं यायच्या. धुऊन, पिळून त्या रोलरवर यायच्या, आणि दोघी बायका दोन टोकं धरून चादर तापल्या रोलरला लावायच्या. पलीकडून ती पुठ्ठ्यासारखी ताठ होऊन पडायची. सुरकुती राहिली तर ती थोरलीच्या कपाळावर दिसायची. तोंडानं फटकळ, हातानं चोख. एके काळी अंगानंही उंच. खळीचा डबा वरच्या फळीवर असायचा, तो ती टाचा न उचलता काढायची. अलीकडं हात पुरेनासा झाला, तेव्हा तिनं कारखान्याच्या सुताराला धरलं. फळी वर का सरकवलीस, म्हणून चांगली हजेरी घेतली. त्यानं बिचाऱ्यानं भिंतीतली जुनी भोकं दाखवली, फळी जागेवरच आहे म्हणून सांगितलं. थोरलीला पटलं नाही. भोकंसुद्धा तुझीच ना, म्हणाली.

पूर्वी या कारखान्यात दहाच्या सुमाराला दुधाचं पातेलं यायचं. वाफेत घाम गाळणाऱ्या बाईला एक मग दूध आणि बाहेरच्या बाकावर दहा-बारा मिनिटं, अशी रीत होती. मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर एक सुपरवायझर आला. त्याची नजर माणसावर कमी आणि मनगटावर जास्त, म्हणून बायका त्याला घड्याळ्या म्हणत. त्या दोघांनी शोध लावला की वाफेत दूध नासतं, बायका बाहेर जातात आणि रोलर रिकामा फिरतो. त्यापेक्षा दोन रोलरच्या मध्ये काळ्या कॉफीचं नळाचं पिंप ठेवू. उभ्या उभ्या प्या, हवी तेवढी प्या, कोण अडवतंय?

साहेबांनी बायकांना एकत्र करून विचारलं. थोरली म्हणाली, "दूध काय, वासरानं प्यावं." बायका खो-खो हसल्या. पहिला हात तिचाच वर गेला, पाठोपाठ बाकीच्यांचे. ओल्या भिंतीत टाचणी टिकत नाही, म्हणून 'उद्यापासून दूध बंद, त्याऐवजी कॉफी कामाच्या जागीच' ही सूचनाही तिनंच खळीनं डकवली, साहेबांच्या सहीसकट. आपण कशाला खळ लावतोय हे तेव्हा तिला कळलं नाही.

चौदा वर्षं झाली त्याला. तिचे दिवसाला सात-आठ मग व्हायचे. काळी कॉफी भूक मारते, मग दुपारची शिदोरी अर्धी तशीच घरी जायची. घरी दूध यायचं ते नातवंडांचं. म्हाताऱ्या हाडांना दूध लागतं, असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर थोरलीनं त्याला वासरात जमा केलं असतं.

पडली ती मोठी पडलीच नाही. जिन्यावरून नाही, गच्चीवरून नाही. कपड्यांची गाडी ओढताना पाय चाकात अडकला, तोल गेला आणि उजवा हात टेकला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिला वाटलं, गाडीचंच काही मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो उजेडाला धरला. उभ्या माणसाचं पडून हाड मोडत असेल तर पडण्याला दोष देऊ नका, म्हणाल्या. मग तिची उंची मोजली, जुन्या कार्डावरची पाहिली. चार बोटं कमी भरली. फळी जागेवरच होती, थोरली खाली आली होती.

काय खाता, काय पिता, सगळं त्यांनी विचारलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. कॉफीमुळं अंगातलं कॅल्शियम लघवीवाटे थोडं जास्त जातं. पण थोडंच. पोटात दूधदुभतं, हिरवा पाला पुरेसा असेल तर दोन-तीन कपांनी फारसं बिघडत नाही, तेवढं कॉफीत घातलेल्या दुधानंही भरून निघतं. तुमच्याकडं आत येणं बंद आणि बाहेर जाणं दिवसातून आठ वेळा. त्यात पाळी जाऊन वर्षं झालेली, त्या वयात हाड तसंही झिजतं. "कॉफी एकटी चोर नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं दूध ज्यानं तोडलं, त्याला आधी विचारा."

थोरलीनं हे सगळं भेटायला आलेल्या बायकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यातली कॉफी तेवढी कारखान्यात पोचली. दूध वाटेतच नासलं. घड्याळ्यानं तेवढंच उचललं, साहेबांच्या कानावर घातलं आणि कागद टाइप होऊन घरी आला.

सुनेनं तो मोठ्यानं वाचला. 'स्वतःच्या सवयीमुळं' हे तिनं दोनदा वाचलं. ती म्हणाली, सही करून मोकळ्या व्हा आई, कशाला डोक्याला ताप. थोरलीला राग साहेबांचा आला होता, घड्याळ्याचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त त्या वासराच्या विनोदाचा आला होता. सरकारनं दंड केला तर माणूस भरतो, पण आपल्याच जिभेनं केलेला दंड कुठं भरायचा? शेवटी म्हणाली, "माझी चप्पल दे."

प्लास्टरचा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून ती भर सकाळी कारखान्यात शिरली. पिंपाच्या मागच्या भिंतीवर चौदा वर्षांच्या सूचना एकावर एक चिकटलेल्या होत्या. गप्पा मारू नका, नखं कापा, केस बांधा. फडक्यानं निघाल्या नसत्या, आणि नखानं काढायला गेलं तर चिंध्या झाल्या असत्या. पण खळीला काय लागतं ते थोरलीला विचारा. तिनं डाग काढायची वाफेची नळी डाव्या हातात घेतली, भिंतीवर धरली आणि एकेक कागद सालीसारखा सोलून काढला. रोलरवरच्या बायका थांबल्या. घड्याळ्या धावत आला, मावशी हे काय चाललंय म्हणाला. थोरलीनं नळी जराशी त्याच्याकडं वळवली, तशी मावशीची विचारपूस थांबली.

सगळ्यांत खालचा, दूध बंदचा कागद पिवळा पडला होता, पण अक्षर अन् अक्षर शाबूत. खळ चांगली होती.

तो घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी वाचला, स्वतःची सही पाहिली. हा जुना विषय आहे, म्हणाले. तुम्हीच हो म्हणाला होता, म्हणाले.

"म्हणाले होते," थोरली म्हणाली. "पहिला हात माझाच होता, तेही लिहा. पण दूध कुणी बंद केलं, पिंप कुणी ठेवलं, बाकावरून कुणी उठवलं, तेही लिहा. मग करते सही. डाव्या हातानं करते."

साहेब म्हणाले, बघू. ती बाहेर आली, तर दोन्ही रोलरच्या बायकांनी आपापले मग पिंपावर उपडे घालून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पिंप भरलेलं आलं तसं भरलेलं परत गेलं, दुसऱ्या दिवशीही गेलं. तिसऱ्या दिवशी कागद नवा टाइप झाला, त्यात दुधाची ओळ होती. रजा मिळाली. दहाचं पातेलंही परत आलं, जरा पातळ.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट किंचित वाकडं राहिलं. मोठी चादर आता पेलत नाही, म्हणून थोरली उशांच्या खोळी लावते. दहाला बाकावर बसून दूध पिते. त्यात घोटभर कॉफी घालते, आणि ती तिच्या मर्जीची असते.

घड्याळ्या एकदा जवळ येऊन म्हणाला, "मावशी, झालं ना आता मनासारखं?"

"चौदा वर्षांचं दूध कुठंय?" ती म्हणाली.

त्यानं घड्याळात पाहिलं. थोरलीनं मगात पाहिलं, अजून अर्धा होता. ती बसून राहिली.

उठल्यावर मात्र ती सरळ सुताराकडं गेली. तू म्हणाला होतास ते खरं होतं, म्हणाली, फळी जागेवरच होती. सुतार खूश झाला. मग ती म्हणाली, "आता चार बोटं खाली घे. दर वेळी बाईनंच का स्टुलावर चढायचं?"