बिराजदार सर प्लॉट घेतात

लातुरात माझं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. गिऱ्हाईक पाइपाबद्दल दोन मिनिटं बोलतं आणि प्लॉटबद्दल दोन तास! पाइप शेवटी कुणाच्या तरी जागेतच गाडायचा असतो. त्यामुळं जागेची सगळी रडगाणी आणि सगळ्या बढाया आधी माझ्या काउंटरवर येतात आणि तिथंच साठतात. माझी शाळा दहावीपर्यंत. जागेचं शिक्षण मात्र फसून फसून झालं. म्हणून नवा माणूस प्लॉट घ्यायला निघाला की कुणीतरी त्याला सांगतंच, "आधी अप्पाच्या दुकानात चहा पिऊन ये."

* * *

पहिली फसगत माझीच सांगतो.

मी पहिला प्लॉट बघितला एप्रिलमध्ये. काळी जमीन अशी टणक की टाच आपटली तर टाचच दुखावी. मी खूष! फाउंडेशनचा खर्च वाचला म्हणून लगेच रजिस्ट्री केली.

ऑगस्टमध्ये बायकोला दाखवायला नेलं. गाडी प्लॉटवर चढवली आणि चारही चाकं आत! बायको उतरली, तर तिची चप्पल आत. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून गाडी ओढली.

दोर सोडता सोडता त्यानं विचारलं, "मालक, पयलाच प्लॉट का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरा घेणारे पावसाळ्यातच बघाय येतेत!"

* * *

दोन वर्षांपूर्वी बिराजदार सर दुकानात आले. अहमदपूरला गणित शिकवून नुकतेच रिटायर झालेले. सोबत वहिनी. सर बाकावर बसले, वहिनी उभ्याच राहिल्या.

"अप्पा, यांना गणित येतं, व्यवहार येत नाही," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षांत नऊ घरं बदलली, सगळी भाड्याची. फंडाचा पैसा एकदाच आलाय. जागा एकच घ्यायची. ती चुकली तर दहावं घर शोधायची ताकद माझ्यात नाही."

सर खाली मान घालून चहा पीत होते.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," असं मी बोलून बसलो. व्यापाऱ्यानं मालाची गॅरंटी द्यावी, जागेची कधी देऊ नये. पण तोंडातून गेलं ते गेलं!

* * *

सरांची मुलगी नांदेडला दिलेली. म्हणून सुरुवात नांदेडपासून झाली. तिथला एजंट पप्पूशेठ. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि हातात कायम गुंडाळलेला नकाशा.

त्याच्या जाहिरातीत लिहिलेलं, 'बस स्टँडपासून फक्त दहा मिनिटं!' सर गणिताचे. ते बस स्टँडवर उतरले, घड्याळ लावलं आणि चालायला लागले. नंतर रिक्षा केली. रिक्षा संपली तिथून पुन्हा चालले. पोचले तेव्हा एक तास वीस मिनिटं झालेली.

"पप्पूशेठ, दहा मिनिटं म्हणाला होतात!"

"सर, ती दहा मिनिटं रिंग रोड झाल्यावरची!"

"रिंग रोड कधी होणार?"

"ते बघा, आता तुम्ही सरकारच्या कामात बोट घालून राहिले!"

* * *

त्याच जागेवर पप्पूशेठनं नकाशा उलगडला. "इथं गार्डन. इथं मंदिर. हिकडं इंग्लिश स्कूल. तुम्ही उभे आहात ते क्लब हाऊस."

सरांना चारी बाजूंना सोयाबीनच दिसत होतं. त्यात एक म्हातारी खुरपत होती. सर विद्यार्थ्याला विचारावं तसं तिच्याजवळ गेले.

"आजी, इथं प्लॉट पडणार आहेत म्हणे?"

म्हातारीनं कमरेवर हात ठेवून आधी सरांकडं पाहिलं, मग पप्पूशेठकडं.

"पडू द्या की, बाबा. पर मला कुणी इचारलं न्हाई. जमीन माजी हाय!"

पप्पूशेठ नकाशा गुंडाळत म्हणाला, "सर, मालक तयार नाही म्हणूनच रेट कमी आहे. ही संधी समजा!"

* * *

यानंतर मी सरांना एक गोष्ट घोटून शिकवली. जागा पायानं बघायची आणि कागद डोळ्यानं. सातबारावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या. एक जरी कमी असली तरी उठून यायचं.

सर फारच चांगले विद्यार्थी निघाले. पप्पूशेठनं पुढची फाइल आणली ती माझ्या दुकानातच. "एकदम क्लिअर, अप्पा. डोळे झाकून घ्या!"

सरांनी डोळे झाकले नाहीत. खिशातून लाल पेन काढला आणि काउंटरवर बसून फाइल तपासायला घेतली. पानापानावर खुणा, समासात शेरे. अर्ध्या तासानं पहिल्या पानावर गोल काढून लिहिलं, 'बावीस. नापास.'

"सर, काय चुकलं?" पप्पूशेठनं घाबरून विचारलं.

"वारस पाच, सह्या दोन. तिघी बहिणी कुठं आहेत?"

"त्या पुण्याला असतात."

"मग पुण्याला जा."

"सर, एवढ्या तेवढ्यासाठी? थोडे ग्रेस मार्क द्या की!"

* * *

शेवटी जागा मिळाली ती औशाजवळ, एजंटशिवाय. काशिनाथमामा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं रस्त्याकडंची पट्टी रीतसर बिगरशेती, म्हणजे एनए, करून चार प्लॉट पाडले होते. सातबारावर एकच नाव. सरांच्या लाल पेनाला काम मिळेना!

राहिला पाण्याचा प्रश्न. लातूर जिल्ह्यात जागा घेणं म्हणजे पाणी घेणं. मी सरांना सांगितलं, "मे महिन्यात शेजारच्या वस्तीवर जा आणि प्यायला पाणी मागा. तांब्या भरून आला तर जागा घ्या. अर्धा आला तर विचार करा. पाण्याऐवजी चहा विचारला तर सरळ घरी या."

तांब्या भरून आला. तरी मामांनी जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या बोलावलाच. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चारही प्लॉट फिरला आणि चारही ठिकाणी नारळ उभा राहिला. मी गप्प बसलो. चार बोअर म्हणजे चार बोअरचे पाइप!

सरांना राहवलं नाही. "चारही ठिकाणी पाणी आहे, मग तुम्हाला बोलवायची गरज काय होती?"

पाणाड्या म्हणाला, "बोलावलं म्हणून तर कळलं की, सर!"

* * *

रजिस्ट्री झाली. पण वहिनी जागा बघायला येईनात. "पूजा करायला मिळेल तेव्हाच येईन," म्हणायच्या. तेवढ्यात वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, आली. त्या दिवशी आमच्याकडं दुकानं बंद आणि माणसं शेतात पूजेला. शेत नसलेला माणूस कुणाच्या तरी शेतात जेवायला जातो. सर आयुष्यभर असेच दुसऱ्याच्या शेतात जेवलेले. त्यांचा फोन आला, "अप्पा, या वर्षी येळवस माझ्या शेतात!"

शेत म्हणजे दोन गुंठे!

आम्ही निघालो. भज्जी, उंडे, खीर डब्यांत. आंबिलाची घागर वहिनींच्या मांडीवर. सरांच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत रजिस्ट्री. "देवापुढं ठेवायचीय," म्हणाले.

गाडी वळली आणि सर एकदम ताठ झाले. त्यांच्या प्लॉटवर कडब्याची झोपडीवजा कोप उभी होती. पांडव म्हणून पांढरे केलेले पाच दगड मांडलेले. बाया-माणसं पूजेला बसलेली.

"अप्पा," सर म्हणाले, "दुसऱ्यालाही विकला वाटतं."

वहिनी घागर घट्ट धरून नुसत्या समोर बघत राहिल्या.

जवळ गेलो, तर कोपीतून काशिनाथमामा बाहेर आले. सरांनी रजिस्ट्री बाहेर काढली.

"मामा, हे काय? जागा तर मला दिली ना तुम्ही?"

"दिली की! कागद ठेवा आत, तेल लागंल." मामांनी हात जोडले. "सर, जमीन इकली. येळवस कुठं इकली? पन्नास सालं हितंच पूजा केली. पाय दुसरीकडं वळंनात."

मामांची म्हातारी पदर सावरत वहिनींपुढं आली. "बाई, जागा तुमची. तुमी म्हनाल तर आत्ता कोप मोडून टाकते. ठिवू का मोडू?"

सगळे वहिनींकडं बघायला लागले. वहिनींनी कोपीकडं पाहिलं, हद्दीच्या चारही दगडांकडं पाहिलं. मग घागर कोपीत नेऊन ठेवली, पदर खोचला आणि म्हातारीला म्हणाल्या,

"ठेवा की, मावशी. पण अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करावं लागेल!"