चालत येणारी वीट

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले आणि अकरावी सायन्सला फिजिक्स एकदम इंग्रजीतून अंगावर आलं. गणितं सोडवायची माझी एक पद्धत होती. उदाहरणातले आकडे शोधायचे, ते ज्या सूत्रात बसतील त्यात कोंबायचे आणि पुस्तकाच्या मागचं उत्तर आलं नाही तर दुसरं सूत्र घ्यायचं. परीक्षेत मागे उत्तर नसतं. सहामाहीत मी नापास झाले.

बाबा आरडाओरडा करणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते कुठूनसा कॉमर्सच्या प्रवेशाचा छापील अर्ज घेऊन आले आणि माझ्यादेखत कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवला. "वार्षिकला फिजिक्समध्ये पास झालीस तर ठीक. नाहीतर जूनमध्ये हा भरायचा. कॉमर्सला पण माणसंच जातात."

त्यांनी स्वतः सायन्स अर्धवट सोडलं होतं, हे मला आईकडून माहीत होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. ह्यांना जमलं नाही म्हणून मलाही जमणार नाही, असं ते धरूनच चालले होते. मला सायन्स हवं होतं. का, ते धड सांगता आलं नसतं, पण हवं होतं.

आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो होतो. आमच्या गॅलरीसमोर नवी बिल्डिंग उठत होती. दुपारी कॉलेजातून आले की मी तिथेच वही घेऊन बसायचे. समोर एक नवरा-बायको विटा चढवायचे. तो खाली स्लॅबच्या कडेला उभा राहून एकेक वीट सरळ वर फेकायचा आणि ती पहिल्या मजल्यावर उभी राहून झेलायची. झेलायची म्हणजे काय, वीट तिच्या हातापाशी येऊन थांबायची आणि ती बोटं मिटायची. आवाजसुद्धा नाही.

चार-पाच दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. सर्वांत उंच जागी वेग शून्य, हे पुस्तकातलं वाक्य म्हणजे हीच वीट होती. वीट आपली आपण थांबते, म्हणून हाताला झटका बसत नाही, म्हणजे इम्पल्स जवळपास नाहीच. विटेचं वजन गुणिले उंची केलं की त्याने प्रत्येक विटेवर किती वर्क केलं तेही निघत होतं. मी उदाहरणातला चेंडू खोडून तिथे वीट लिहायचे आणि उत्तरं मागे न बघता यायला लागली. आईला म्हटलं, "आता बघच तू."

उथळ पाण्याला खळखळाट फार. पुढच्या चाचणीत चेंडू तिरका फेकलेला होता आणि सर्वांत उंच जागी त्याचा वेग विचारला होता. मी ठसठशीत अक्षरात शून्य लिहिलं. त्याच शून्यावर पुढचे दोन प्रश्न होते. तेही गेले.

पेपर घेऊन मी गॅलरीत बसले आणि समोरच्या त्या बाईकडे रागाने बघत राहिले, जणू तिनेच मला शिकवलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं.

तेवढ्यात लक्षात आलं की आज तिने दोन्ही तळव्यांना टायरच्या ट्यूबचे तुकडे बांधलेत. एरवी ती उघड्या हाताने झेलायची. खाली तिचा नवरा उभा राहायचा त्या जागी ट्रकने रेती ओतली होती, म्हणून तो ढिगाच्या अलीकडून, लांबून फेकत होता. मी जिना उतरून रस्त्यापलीकडे गेले. ती पाणी प्यायला खाली उतरली होती.

"आज हाथ पे ये क्यूँ बांधा है?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, हिला एवढंही कळत नाही, असं. "आज ईंट खड़ी नहीं होती ना। चलते हुए आती है।"

मग काम सुरू झालं आणि मी बघितलं. वीट तिच्या उंचीला यायची, तिचं वर जाणं थांबायचं, पण पुढे जाणं थांबायचं नाही. ती हात पुढे करून वीट धरायची आणि विटेबरोबर अर्धं पाऊल मागे सरकायची. वर जाणं संपलं तरी पुढे जाणं बाकी होतं. मला माझे तिन्ही चुकलेले प्रश्न तिथेच, रेतीच्या ढिगाशेजारी सुटले. मला रडू येत होतं आणि हसूही.

वार्षिक परीक्षेत मला फिजिक्समध्ये शंभरात त्रेचाळीस मिळाले. बाबांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. मग म्हणाले, "एकदम कसं काय जमलं?"

मी त्यांना गॅलरीत नेलं. बिल्डिंग वर गेली होती, पण विटा तशाच चढत होत्या, आता पहिल्यावरून दुसऱ्यावर. मी बोट दाखवून सगळं सांगितलं, सरळ वीट, तिरकी वीट, ट्यूबचे तुकडे. बाबा ऑफिसचा शर्ट न बदलता कठड्याला टेकून बघत राहिले. बऱ्याच विटा झाल्या.

"मी पण शून्यच लिहिलं असतं," ते म्हणाले. "आम्हाला असं कुणी दाखवलं नाही."

माझा सहा महिन्यांचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. बाबा आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कॉमर्सचा अर्ज होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात आधीच भरलेलं. सही तेवढी केलेली नव्हती. त्यांनी तो कठड्यावर उलटा ठेवला, कोरी बाजू वर करून, आणि खिशातलं पेन मला दिलं.

"ती तिरकी वाली काढून दाखव," ते म्हणाले. "सावकाश."