खंडेनवमीला घासलेली बंदूक

अण्णा, सणवार विसरलास हे घरच्या ग्रुपवर रोजचं ऐकवणं पुरे झालं. आज इथे हायडेलबर्गात खंडेनवमी केली मी.

माझे घरमालक आजोबा लष्करी बंदुका जमवतात. त्यातली एक मुळात ठासणीची, पुढे लष्करानंच बदलून पितळी काडतुसांची केलेली. ती विकून ते आजारी आजींना वृद्धाश्रमात चांगली खोली घेणार होते.

ते बाहेर गेल्यावर मी ती पॉलिशपेपरनं घासून लख्ख केली, हळदकुंकू वाहिलं.

आजोबांनी आल्यावर तिच्यावर बोट फिरवलं. "बदल केल्याचा शिक्का इथे होता. आता कोण खरी मानणार?" मग म्हणाले, "तू पूजाच केलीस ना, पोरा."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मंडळी, अशी माफी कशी मागतात? पगार त्यांच्या टेबलावर ठेवलाय. अण्णा, घरी यावेळी पन्नास युरोच पाठवतोय.