शेवटच्या खोक्यानंतरचं वाक्य

दादा गेला. कामावर निघताना जिन्यात बसला, तो उठलाच नाही. हे वाक्य लिहून झालं तरी मला अजून खरं वाटत नाही.

कंपनीत त्याला सगळे ठिगळ म्हणत. काहीही बिघडलं की तो म्हणायचा, "थांबा, एक ठिगळ लावतो." आमची कंपनी छोटी, पंपाचे सुटे भाग विकणारी. दादा तिथे वायरमन म्हणून लागला. मग पंखे त्याच्याकडे आले, मग प्रिंटर, मग सगळे कॉम्प्युटर. "आभाळ सोडून कुठेही लावतो," असं तो सांगायचा.

खरेदी, साठा, विक्री, पगार हे सगळं मालकांना एका जागी दिसायला हवं होतं. विकतचं सॉफ्टवेअर त्यांना परवडेना. दादाने एक खुलं सॉफ्टवेअर शोधून आणलं. जगभरातली माणसं मिळून ते लिहितात. कोणीही घ्यावं, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवं तर बदलावं.

"फुकट ते पौष्टिक," मालक म्हणाले.

"फुकट म्हणून नाही हो, उघडं आहे म्हणून. बंद डब्याला आतून ठिगळ कसं लावणार?"

त्यातले पडद्यावरचे शब्द परके होते. ते आपल्या भाषेत आणायला माणूस हवा होता. मी, त्याचा धाकटा भाऊ, साहित्यात एम.ए. होऊन घरात बसलो होतो. मी जन्मात एक कविता केलेली नाही, पण कामाच्या पहिल्याच दिवशी दादाने मला कवी करून टाकलं.

"कवी, 'प्रलंबित' कशाला? 'राहिलंय' लिही की."

"राहू दे रे 'प्रलंबित'," गोदामाचे मुकादम म्हणाले. "काम झालं नाही तरी भारदस्त वाटतं."

वहिनी, म्हणजे दादाची बायको, पॅकिंगच्या टेबलावर होत्या. मागणी पडद्यावर येते. त्यात लिहिलेल्या डब्यातून वॉशर किंवा सील काढायचं, स्कॅनर लावायचा, खोकं बंद करायचं. त्यांची नजर मधोमध धूसर होऊ लागली. कडेचं दिसायचं, समोरचं विरघळायचं. आहे तेवढी जपा, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मुकादमांना कळलं तर घरी बसवतील," वहिनी मला म्हणाल्या. "घरी बसून भिंतींशी बोलू का?"

दादाने त्यांच्या टेबलापुरता पडदा बदलला. एका वेळी एकच ओळ, तळहाताएवढी अक्षरं. सूचनाही बदलल्या. चुकीच्या डब्याला स्कॅनर लागला की बाकी सगळ्यांना 'चुकीची नोंद' दिसायचं. वहिनींना दिसायचं, 'थांब गं. शेजारचा डबा.'

एकदा वहिनी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होत्या म्हणून दुपारपर्यंत मुकादम त्या टेबलावर बसले. पडदा त्यांनाही 'थांब गं' म्हणाला. दिवसभर सगळं गोदाम त्यांना 'अगं मुकादम' म्हणत राहिलं. एवढी मोठी अक्षरं कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. खोकी बरोबर जात होती.

दिवसाचं शेवटचं खोकं बंद झालं की एक वाक्य यायचं. ते वाचून वहिनी "काहीतरीच!" म्हणायच्या आणि पर्स उचलायच्या. पडद्याची पाठ आमच्याकडे असायची. ते वाक्य मी कधी वाचलं नाही.

हे सगळं दादाने मूळ सॉफ्टवेअरच्या आत शिरून लिहिलं होतं. तसं करायचं नसतं. आपले बदल बाहेरून जोडलेल्या वेगळ्या भागात, म्हणजे जोडणीत, ठेवायचे असतात. नाहीतर नवी आवृत्ती आली की ते पुसले जातात. वाचनालयाच्या पुस्तकात समासात टिपा लिहाव्यात आणि वाचनालयाने नवी प्रत आणून ठेवावी, तसं. हे मला दादानेच शिकवलं होतं.

"मग तू का असं करतोस?"

"करू रे नीट. आधी तिचं काम चालू राहू दे."

तो गेल्यावर मालकांनी सॉफ्टवेअर सांभाळणारी एजन्सी बोलावली. जुन्या आवृत्तीत बाहेरच्यांना शिरता येईल अशी फट सापडली होती. नवी आवृत्ती घालणं भागच होतं. आत दादाचं लिहिलेलं आहे, असं मी सांगितलं.

"ठिगळ रोज बॅकअप घ्यायचा," मालक म्हणाले. "काळजी नको."

ते खरं होतं. बॅकअपमध्ये सगळं होतं. एकेक वॉशर होता, आमच्या सगळ्यांच्या रजा होत्या. पण बॅकअप नोंदींचा होता. दादाने लिहिलेलं त्यात नव्हतं. आणि जुनं मशीन तोवर पुसून झालं होतं.

सकाळी वहिनी टेबलाशी बसल्या. पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. त्यांनी मान तिरकी केली, नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या.

"अक्षरं कुठे गेली रे?"



त्या सवयीने काम करत राहिल्या. दोन खोकी भलत्याच गावी गेली. मुकादम आले, बराच वेळ टेबल पुसत उभे राहिले.

"वहिनी, थोडे दिवस आराम करा."

"आणि आराम झाला की?"

मुकादमांनी फडकं घडी करून खिशात घातलं.

मी एजन्सीतून आलेल्या मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तिथेच कामाला बसली. संध्याकाळच्या आत अक्षरं पुन्हा तळहाताएवढी झाली. या वेळी वेगळ्या जोडणीत.

"आता ही पुसली जाणार नाहीत," ती म्हणाली. "वाक्यं मात्र तुम्ही लिहा. भाषेचं तुमच्याकडे आहे ना?"

मी लिहिलं, 'कृपया योग्य डबा निवडा.' वहिनींनी तिरक्या मानेने वाचलं.

"कोणाला कृपया म्हणतोयस?"

मी ते खोडून 'थांब गं. शेजारचा डबा' लिहिलं. तेवढं मला आठवत होतं. खोकं अर्धं भरलं की काय यायचं, ते त्यांनी सांगितलं. सील संपलं की काय, तेही सांगितलं. मी लिहीत गेलो.

"आणि शेवटच्या खोक्यानंतर?"

  त्यांचा हात पर्सवर गेला, तिथेच थांबला.

"हसू यायचं," त्या म्हणाल्या. "रोज हसू यायचं."

"पण काय होतं?"

"नाही रे आठवत. रोज यायचं, म्हणून कधी पाठ केलं नाही."

ती मुलगी खिडकीकडे वळली.

"मी काहीतरी लिहू?" मी विचारलं.

"नको."

ती ओळ मी रिकामी ठेवली. वहिनींची जागा टिकली. आता खोकी बरोबर जातात. शेवटचं खोकं बंद होतं, पडदा पांढरा होतो. वहिनी मान तिरकी करून त्याच्याकडे बघतात. मग पर्स उचलतात.