चौकशीला आलेला पाव्हणा

आत्याच्या गल्लीत पाव्हणा कधी एका घराचा नसायचा. कुणाच्या पोरीला बघायला माणसं येणार असं कळलं, की समोरच्या घरातून खुर्च्या निघायच्या, कोपऱ्यावरून फुलाफुलांची चादर यायची आणि कपबश्या भाबीकडच्या. भाबी म्हणजे आत्याची शेजारीण. नवरा शिलाईकाम करायचा. तो गेल्यावर मशीन तिनं चालवायला घेतली. तिच्याकडं सोनेरी काठाच्या कपबश्या होत्या आणि गल्लीतल्या प्रत्येक सोयरिकीच्या बोलणीत त्या हजर असायच्या. पाव्हणे गेले की सामान ज्याचं त्याच्या घरी. ही खुर्ची आमची नाही, असं पाव्हण्याला कुणी सांगत नसे. सांगितलं तर त्या घराची मान खाली जायचीच, पण देणाऱ्याचीही जायची.

हे आधी सांगून टाकते, कारण हे माहीत नसेल तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. कचेरीत ते तसंच वाटलं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लातूर-उदगीर रस्त्यावर एका फाट्याला उतरून आत चालत गेलं की तिचं गाव. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी आणि सोयाबीनची काढणी केली. गुडघे गेले तेव्हा गावातल्याच कुणीतरी तिचा निराधार योजनेचा अर्ज भरून दिला. दर महिन्याला खात्यात पडायचं त्याला ती 'पगार' म्हणायची. तिकडं सगळेच तसं म्हणतात. त्यात तिचं मीठमिरची भागायचं, रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या चुलीवरची भाकरी तिला कुणाला न विचारता खाता यायची. मी लातुरात शाळेत शिकवते. गावी गेले की मी म्हणायचे, चल माझ्याकडं. ती हसायची. "तुज्या घरी मी पाव्हणी, माय. पाव्हण्यानं किती दिस ऱ्हावं?" पगार थांबला तर तिचं ते घर सुटणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

एका उन्हाळ्यात कोतवाल सांगून गेला, निराधारांच्या घरांची पाहणी होणार आहे, उद्या साहेब येतील, घर सोडू नका. मी सुट्टी लागली म्हणून नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. दारातच थांबले. घर ओळखू येईना. समोरच्या किराणावाल्याच्या दोन लाल खुर्च्या मांडलेल्या, खाटेवर ती फुलाफुलांची चादर, खिडकीला भाबीचा कूलर लावलेला. आत्या पौर्णिमेला विहारात नेसायचं पांढरं पातळ नेसून उभी होती.

"काय गं, तुला बघायला येणारेत काय?" मी चिडवलं.

"गप ऱ्हा. साहेब उन्हातानाचा एवढ्या लांबून येतोय, त्याला काय भुईवर बसवू?"

सगळी गल्ली खुशीत होती. आत्याच्या घरी साहेब म्हणून कुणी पहिल्यांदाच येणार होता.

साहेब आला तो अगदी सभ्य माणूस. चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले, खुर्चीवर बसला. मग मोबाईल काढला आणि घराचे फोटो घ्यायला लागला. छताचा घेतला, खाटेचा घेतला, खुर्च्यांचा घेतला. भाबीनं चहा आणून ठेवला तर कपाचाही घेतला. प्रत्येक फोटोला मोबाईल बारीक 'खट्' करायचा आणि तो मान हलवायचा. त्या खटखटीशिवाय घरात आवाज नव्हता. 

"कूलर चालतो का, आजी?"

"चालतो की." आत्यानं लगबगीनं बटण दाबलं. गार वारा साहेबाच्या तोंडावर आला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"तुमचाच ना?"

"हाव," आत्या म्हणाली. पाव्हण्यापुढं दुसरं काय म्हणणार?

शेवटचा फोटो त्यानं आत्याचाच घेतला, कूलरशेजारी उभं करून. "छान ठेवलंय घर," असं म्हणाला आणि चहा संपवून गेला. त्याच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत खुर्च्या, चादर, कूलर आपापल्या घरी गेले. आत्या दिवसभर आनंदात होती. मला मात्र एकच गोष्ट टोचत राहिली. नवरा कधी गेला, सांभाळणारं कोण आहे, गोळ्या कसल्या चालू आहेत, यातलं त्यानं काही विचारलंच नव्हतं. तो फक्त वस्तूंची चौकशी करून गेला होता.

पावसाळ्यात पगार थांबला. आत्या बँकेत जायची, खिडकीतला माणूस मान हलवायचा, ती परत यायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी मी रजा टाकून तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "पाहणीत अपात्र. घरची परिस्थिती चांगली आहे."

मी तापट आहे. शाळेत वर्गात शिरले की पोरं गप होतात. तिथं मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "अपील करा." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमच्या अपिलाची सुनावणी लागेपर्यंत त्याहून जास्त वेळ गेला. भाबी रोज भाकरी देई आणि गोळ्या मी पाठवत असे. आत्या त्या गोळ्या अर्ध्या करून खाते, हे मला फार उशिरा कळलं.

सुनावणीला वरच्या साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. पांढऱ्या पातळातली आत्या, शेजारी कूलर, पुढ्यात सोनेरी काठाचे कप. आत्या वाकून बघत राहिली. "बरा आलाय की गं फोटो," ती मला हळूच म्हणाली. तिचा एकटीचा असा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. मला तिथंच रडू फुटणार होतं.

मी सगळं सांगितलं. कुणाची खुर्ची, कुणाची चादर, कुणाचा कूलर. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, खरंच नवल वाटून हसले. "बाई, पाहणी आहे म्हटल्यावर लोक असलेलं सामान लपवतात. तुम्ही नसलेलं आणून मांडलं? कोण विश्वास ठेवेल?" तरी त्यांनी पुन्हा पाहणीचा आदेश दिला. मी विचारलं, कधी येतील? "ते सांगून येत नसतात आता. कधीही येतील."

कधीही. तो शब्द आत्यानं घरी नेला.

कचेरीच्या फाटकाशी अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसायचा. त्यानं फुकटचा सल्ला दिला, "माय, घर गरीब दिसाया पायजे. नुसतं असून भागत न्हाई." हे आत्याला पटलं. मी म्हणाले, तुझं घर आहे तसंच राहू दे, काय बघायचं ते बघू देत. पण एकदा पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आता गल्ली पुन्हा कामाला लागली, या वेळी उलट्या बाजूनं. मागच्या वेळी एकेक वस्तू आत्याच्या घरात आली होती, आता एकेक बाहेर निघाली.

आधी पत्र्याची पेटी भाबीकडं गेली. मग गॅसची शेगडी, कारण फोटोत शेगडी बरी दिसणार नाही. मग भांडी आणि खाट; भाकरी भाबीकडूनच यायची, त्यामुळं चूलही पेटेना. दिवाळीला गेले तर आत्या पोत्यावर निजत होती आणि दोन वाकळांतली एक भाबीकडं होती. संक्रांतीला गेले तर भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. कोनाड्यातली पितळेची बुद्धमूर्तीही नव्हती. कुणीतरी म्हणालं होतं, पितळेला आता भाव आहे. मूर्ती भाबीच्या घरात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली होती. आत्या रोज दिवेलागणीला तिथं जाऊन वंदना म्हणायची आणि तोवर भाबी मशीन बंद ठेवायची.

मी भांडले. "अगं, थंडी बघ किती पडलीय. निदान वाकळ तरी आण."

"अन् तवाच आला म्हंजी?" ती दाराकडं बघत म्हणाली. बोलताना तिचं लक्ष दाराकडंच असायचं. लांबून गाडीचा आवाज आला की बोलणं अर्ध्यावर सोडून ती घरभर नजर फिरवायची, काही राहिलं तर नाही ना म्हणून. तिला खोकला लागला होता. तिचं ते रिकामं घर मला आवडेना. आपण बोललेलं तिथं आपल्यालाच परत ऐकू यायचं. येताना फाट्यापर्यंत मी मागं वळून बघितलं नाही, भीती वाटली म्हणून.

साहेब आला तो उन्हं उतरल्यावर. या वेळी मी नव्हते. भाबीनं सांगितलं ते असं. माणूस दुसरा होता, घाईतला. आत्या भाबीकडं वंदनेला बसलेली. दार नुसतं लोटलेलं. तो आत गेला आणि खट् खट् फोटो घेतले. गार पडलेली चूल, कोपऱ्यात एक पोतं आणि वाकळ, एक घागर, रिकामा कोनाडा. भाबी धावत गेली.

"साब, अक्का हितंच ऱ्हाती."

"मग सामान कुठंय? खाट नाही, पेटी नाही, भांडं नाही. चूल कधीची पेटलेली नाही. माणूस राहतं तिथं चार वस्तू असतात."

सामान माझ्या घरात आहे, हे शब्द भाबीच्या तोंडाशी आले आणि तिथंच अडकले. सांगावं तर आत्या सामान लपवते असं होणार, न सांगावं तर आत्या इथं राहतच नाही असं होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. किराणावाला दारात येऊन उभा राहिला, तोही बोलेना. सगळी गल्ली जमली आणि सगळी गल्ली मुकी झाली.

तेवढ्यात आत्या गुडघे धरत आली. "मी हाय की, साहेब. ही बगा, मी हाय."

"तुम्ही आहात हो, आजी. पण या घरात कुणी राहत नाही." तो मोबाईलमध्ये काहीतरी दाबत होता.

आणि मग, भाबी म्हणते, आत्या सवयीनं बोलून गेली. "बसा साहेब. च्या करते." बोलली आणि तिथंच उभी राहिली. बसायला काही नव्हतं, शेगडी नव्हती, कप नव्हता. तिनं घराकडं एकदा बघितलं. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण ती मटकन उंबऱ्यावर बसली. साहेब तिच्या बाजूनं पाय टाकून निघून गेला.

अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नाही, असा निकाल आला. वर आणखी अपील करता येतं म्हणे. मी केलंय.

आत्या आता लातुरात माझ्याकडं असते. कचेरीचं म्हणणं तेवढं खरं झालं. बुद्धमूर्ती तिनं सोबत आणली नाही. घर पुन्हा उघडलं की लागेल, म्हणून ती भाबीच्या फळीवरच आहे. माझ्या घरात ती खुर्चीवर बसत नाही. पंखा लावला की थोड्या वेळानं उठून बंद करते. मी चिडते, ओरडते, मग माझी मलाच लाज वाटते.

परवा दाराची बेल वाजली. दूधवाला होता. मी दार उघडायला उठले तर आत्या माझ्या आधी उठलेली. टेबलावरचे कप तिनं पदराखाली घेतले होते आणि आतल्या खोलीकडं निघाली होती.

"थांब, इतक्यात उघडू नगस," ती कुजबुजली. "तुजं तरी ऱ्हाऊ दे, माय."