अंग बाहेर आलंच नव्हतं

तुम्हाला कुठं दुखतं, हे तुम्ही चारचौघांत सांगू शकता का? गुडघा असेल तर सांगाल. दाढ असेल तर गाल धरून गावभर फिराल. पण दुखणारी जागा मांड्यांच्या मधोमध असली तर? मग जिभेला कुलूप. करडी गावच्या भावनाच्या जिभेलाही ते लागलं, आणि ही बाई तर अशी की धानाच्या बांधीच्या या धुऱ्यावरून बोलली तर पल्याडच्या धुऱ्यावरचा माणूस दचकायचा.

भावना रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीची पुढारी. धानाच्या पऱ्ह्याचं रोप तिच्या बोटांतून असं सुटायचं की मागच्या बायांना धाप लागावी. मालकाशी भाव तीच ठरवायची. चहा पातळ आला तर किटली तशीच परत. नवरा विनोद टेम्पो चालवतो. गावात त्याची ओळख ‘भावनाचा नवरा’, आणि त्याला त्याचं काही वाईट वाटत नाही. शहाणा आहे.

तिच्या योनीचे आतले ओठ वयात आल्यापासूनच लांब होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर ते आणखी बाहेर लोंबायला लागले. चिखलात दिवसभर वाकायचं, साडीचा कासोटा ओला, त्यात ते घासले जायचे, सोलून निघायचे. संध्याकाळी सायकलवर बसणं म्हणजे निखाऱ्यावर बसणं.

“काहून वं, बदकावानी चालून राहिली?” टोळीतल्या गोदावरीबाईनं एकदा विचारलं.

“तुह्या मागं चालतो म्हून,” भावना म्हणाली. बाया हसल्या. ती पण हसली, पण पाय काही जवळ येईनात.

सासूच्या, मंगलाबाईच्या, नजरेतून ते सुटलं नाही. भावनानं अर्धंच सांगितलं, “आई, खाली काहीतरी लोंबते.” झालं! मंगलाबाईनं पुढचं स्वतःच ठरवलं. अंग बाहेर आलं. म्हणजे गर्भाची पिशवी खाली सरकली, ओझं उचलून. टोळी बंद, भारे बंद, आणि सरकलेलं अंग आत राहावं म्हणून जुन्या लुगड्याचा पट्टा खालून वर घट्ट बांधायचा. तिच्या माहेरी असंच करायचे. मायेपोटीच करत होती म्हातारी, यात शंका नको. रोज सकाळी स्वतः गाठ तपासायची. आणि त्या पट्ट्याखाली नेमकी तीच जागा दिवसभर करकचून दाबली जायची.

भावना घरात, टोळी गोदावरीबाईच्या मागं. रस्त्यानं हसत जाणाऱ्या बायांचा आवाज आला की हिचा भाकरीवरचा हात थांबायचा. चिडून ती भाकर जाळायची आणि चुलीला शिव्या द्यायची.

शेवटी मंगलाबाई म्हणाली, “पिशवीच काढून टाकू. कटकट मिटते.”

आपल्याकडे हे असंच! बाईचं बेंबीखाली काहीही दुखो, निघाले पिशवी काढायला. ना तपासणी, ना विचारपूस. माणसाचं पोट दुखलं तर कोणी आतडी काढून टाका म्हणतं का?

दोघी भंडाऱ्याला गेल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिनं तपासलं, आधी तो पट्टा सोडायला लावला आणि म्हणाली, “पिशवी जागेवर आहे. अंगबिंग काही बाहेर आलेलं नाही. हे तुमचे ओठ आहेत, लांब आहेत, एवढंच. नाक नसतं का सगळ्यांचं वेगळं? हा रोग नाही.”

“मंग दुखते कायले?” मंगलाबाईनं जरा रागानंच विचारलं. तिचं निदान पडलं होतं ना!

“ओलं कापड, घासणं आणि तुमचा हा पट्टा, आजी.”

मंगलाबाई पट्ट्याची घडी घालत बसली. मग हळूच म्हणाली, “मीनंच बांधला, बाई. दररोज.”

“तुमाले काय मालूम होतं, आई,” भावना म्हणाली.

डॉक्टरणीनं मलम दिलं, सुती, सैल, कोरडं घालायला सांगितलं. तेवढ्यानंही त्रास राहिलाच तर ओठ कापून लहान करायचं ऑपरेशन असतं, म्हणाली. काहीच लपवलं नाही. रक्त जाऊ शकतं, पिकू शकतं, व्रण दुखरा राहू शकतो, स्पर्श कमी होऊ शकतो. काही आठवडे वाकणं नाही, सायकल नाही. मग तिनं सरळ विचारलं, “नवऱ्याला आवडत नाही म्हणून आलात का?”

“त्याची हिंमत!” भावना उसळली. “मले रोवाले जायचं हाये.”

पट्टा सुटला तसं निम्मं दुखणं गेलं. निम्मं राहिलं. ती टोळीत परतली, गोदावरीबाईला मागं टाकलं, पण सायकल हातानं ढकलतच घरी यायची. विनोदला तिनं ऑपरेशनचं सांगितलं तर तो इकडं तिकडं बघत म्हणाला, “लोक पुसतीन ना वं, कायचं ऑपरेशन म्हून. मी काय सांगू?”

“सांगा, माह्या बायकोले दुखत होतं. याच्यापेक्षा जास्त लोकायले काय पायजे?”

तो टेम्पोकडं बघत म्हणाला, “टेम्पोत गादी टाकीन. खड्डे हायेत रस्त्यानं.”

भावनानं महिनाभर विचार केला. स्पर्श कमी होईल या गोष्टीवर सगळ्यात जास्त अडली, आणि डॉक्टरणीला जाऊन पुन्हा विचारून आली, न लाजता. मग स्वतःच ठरवलं: रोवणी संपली की करायचं, म्हणजे धान कापणीला येईपर्यंत जखम भरून येईल. मंगलाबाईनं एवढंच बजावलं, “पाण्याचा गुंड-हंडा उचलताना दिसली तर पाय मोडीन.”

तर रोवणी संपली, ऑपरेशन झालं, आणि भावना आता थोडे दिवस घरी राहील. तिला भेटायला जा, पण कायचं ऑपरेशन म्हणून खोदून विचारू नका. आणि आज तुमच्या घरातल्या बाईला एकदा विचारा, बसताना, चालताना तुला कुठं दुखतं का. ती अर्धंच सांगेल. उरलेलं स्वतः ठरवू नका. तिला पूर्ण बोलू द्या, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा.